सहीच्या जागी टोपी

कुबातने मोबाइल जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाच्या मधोमध असा ठेवला, जणू मेलेला उंदीर सापडलाय आणि तो कुणाच्या पुढ्यात सरकवायचा एवढंच ठरायचं आहे. मटणाच्या परातीतली वाफ त्याच्यावरून गेली, काच धूसर झाली, आणि तेवढ्यापुरतं नूरझातला हलकं वाटलं. मग वाफ विरली. अक्षरं जागच्या जागी होती.

"वाच," तिचा थोरला दीर कुबात म्हणाला. "तूच लिहिलंयस, तूच वाच."

नूरझात दाराजवळ चहाच्या समोवारपाशी बसली होती. धाकट्या सुनेची जागा तीच. ती वाचेना, तेव्हा कुबातनेच वाचलं, बाजारात दुसऱ्याच्या मेंढीचे दोष सांगावेत तशा आवाजात.

"'तुमच्या लोकरीचे पैसे आज पाठवले आहेत. मंजुरी, मोठ्या टोपीचे बाबा. तपासणी, उशिरा उठणारे दादा.' खाली कसली सही नाही, शिक्का नाही. वर कारखान्याचं नाव नाही. नुसती मेंढ्याची शिंगं काढलीयत."

कुबातच्या बायकोने, सादातने, ओठ आत ओढून घेतले. ते अपमानाने की आणखी कशाने, हे त्या वेळी तिच्या नवऱ्यालाही सांगता आलं नसतं.

मानाच्या जागेवर सासरा, म्हातारा मेदेरकुल, बसला होता आणि त्याच्या डोक्यावर ती टोपी होती. दाबलेल्या लोकरीच्या पांढऱ्या नमद्याची, काळ्या मखमलीच्या काठाची. कोचकोरच्या बाजारात तिच्याबद्दल जे बोलतात ते सगळंच खरं मानू नये. म्हातारा दारातून जाताना वाकत नाही, दारच थोडं वर सरकतं, हे साफ खोटं आहे. पण ज्या वर्षी सोंकुलच्या कुरणावर भर उन्हाळ्यात बर्फ कोसळलं, त्या वर्षी दोन कोकरं आणि एक लहान चणीचा पशुवैद्य त्या टोपीखाली वादळ सरेपर्यंत ऊब धरून बसले होते, याला साक्षीदार आहेत. पशुवैद्य अजून हयात आहे. विचारलं तर लाजतो आणि विषय बदलतो, याहून मोठा पुरावा कुठला हवा?

म्हाताऱ्याने मेंढीच्या डोक्याचा कान सुरीने अलगद कापला आणि तो कुणालाच न देता ताटलीच्या कडेला ठेवून दिला. हे वाईट लक्षण होतं.

"हे कुणाकुणाला गेलं?" त्याने विचारलं.

"सगळ्यांना," कुबात म्हणाला. "लोकर देणाऱ्या बायकांना, शिवणाऱ्यांना, रंगवाल्याला. आणि आपला माल घेणाऱ्या अल्माटीच्या रुफिनाबाईंना पैसे मिळाल्याची पावती गेली, तिच्यावरसुद्धा हेच. बाईंचा मला फोन. म्हणतात, कुबात, कारखाना विकलात का? हे मोठी टोपी कोण? आमच्या बँकेला काय सांगू? मी काय बोलणार, बाबा? आमच्या घरातलं लाडाचं नाव आहे म्हणून?"

"लाडाचं," म्हातारा म्हणाला. हा शब्द त्याने चव घेतल्यासारखा तोंडात फिरवला.

नूरझातने एक वाटी चहा ओतला आणि पुढे दिला.

खरं तर गोष्ट अगदी साधी होती, आणि साधी होती म्हणूनच ती आता कुणाला पटणार नव्हती. गेल्या हिवाळ्यात मेंढ्यांच्या वाटणीवरून कुबात आणि नूरझातचा नवरा एमिल हे दोघे भाऊ बोलेनासे झाले. वसंतात समेट झाला, तो एका अटीवर : यापुढे तोंडी हिशेब नाही. नूरझात नारिनच्या बँकेतली नोकरी सोडून या घरात आलेली. तेव्हा ठरलं की हिशेबाचं सॉफ्टवेअर घ्यायचं आणि ते तिने चालवायचं. जुनी पावतीपुस्तकं बंद झाली. त्यांच्यावर वरच छापलेलं असायचं, 'मेदेरकुल आणि मुलगे', आणि खाली रबरी शिक्का. तिला कधी ते नाव हाताने लिहावं लागलं नव्हतं.

सॉफ्टवेअरने मात्र पहिल्याच दिवशी विचारलं. पैसे दिल्याच्या पावतीचा साचा, पैसे मिळाल्याच्या पावतीचा साचा, सोबत जाणाऱ्या ई-मेलचा साचा. प्रत्येकात रिकामे रकाने. मथळा काय? मंजुरी कुणाची? तपासणी कुणाची? प्रश्न असल्यास कुणाशी बोलावं? 'मंजुरी'च्या रकान्यात कर्सर लुकलुकत राहिला आणि नूरझातची बोटं थांबली.

सासऱ्याचं नाव, थोरल्या दिराचं नाव सुनेने घ्यायचं नाही. लग्नाच्या दिवशी सासूने, बातमाकानने, तिच्याकडून एवढं एकच कबूल करून घेतलं होतं. तेव्हा नूरझात मनात हसली होती. पुढे ते अंगातच मुरलं. सगळ्या सुना करतात तसं तिनेही सगळ्यांना आपल्यापुरती नावं ठेवली. आता कळफलकावरून नाव लिहिणं म्हणजे नाव घेणं की नाही, याचा निवाडा आजवर कुणी केलेला नव्हता. पण बोटांनी आपला निवाडा केला होता. तिने रकान्यांत तिची नावं घातली, साचा कसा दिसतो ते पाहण्यापुरती, आणि मथळ्याच्या जागी गालिच्यावरची शिंगांची नक्षी लावली. एमिल तोरुगार्तच्या खिंडीपलीकडे ट्रक घेऊन गेला होता. शनिवारी आला की त्याच्याकडून खरी नावं भरून घ्यायची, असा बेत.

पण खिंड बंद झाली, एमिल पलीकडेच अडकला, आणि इकडे कुबात दोनदा दारात येऊन म्हणाला, "बायका पैशांची वाट बघतायत, आजच देऊन टाक." तिने दिले. साच्याच्या तळाशी एक खूण होती, 'पैसे दिले किंवा मिळाले की पोच आपोआप पाठवा', ती सॉफ्टवेअरवाल्यांनी आधीच करून ठेवलेली. नूरझातने पैसे दिल्या-मिळाल्याची टिचकी मारली आणि पावत्या अशा उडाल्या की छपरावरची कबुतरंसुद्धा त्यांना जागा द्यायला बाजूला झाली.

"माझं म्हणणं एवढंच," कुबात म्हणाला. "उद्यापासून हिशेबाची खुर्ची सादातच्या भावाला द्या. जेनिश बिश्केकमध्ये हेच काम करतो. बाहेरचा आहे, त्याला कुणाचं नाव घ्यायला अडचण नाही. नूरझातने लोकर धुण्याकडे बघावं. शिक्षा म्हणून नाही म्हणत मी. ज्याला मालकाचं नाव लिहिता येत नाही त्याने मालकाची कागदपत्रं सांभाळावीत कशी?"

यात खोटं काही नव्हतं. नूरझातला तेच खुपलं. ती खुर्ची गेली तर तिची बँकेतली वर्षंही गेली; मग ती या घरात फक्त हाताने काम करणारी, विचारायचं काही नसलेली बाई. आणि मेंढ्यांच्या वाटणीचा हिशेब कुबातच्या बाजूच्या माणसाकडे गेला असता.

तिने दिराची रिकामी वाटी उचलली, समोवारची तोटी सोडली आणि वाटी पुढे केली.

सगळ्यांनी ती पाहिली. काठोकाठ भरलेली. या घरात, या खोऱ्यात, पाहुण्याला अर्धीच वाटी देतात : परत माग, परत देऊ, बस. भरून दिली की अर्थ एकच, पी आणि ऊठ.

"बघितलंत?" कुबात म्हणाला.

"लक्ष नव्हतं माझं, दादा," नूरझात म्हणाली. ते बरंचसं खरं होतं.

"नव्हतंच ना. पावत्या करतानाही नव्हतं."

"अरे, गरम आहे तोवर पी," बातमाकान म्हणाली. म्हातारी आतापर्यंत पिठाच्या पट्ट्यांवर रस्सा ओतत होती. "भरलेली दिली तर जास्त मिळाली समज."

"आई, तू तिची बाजू घेऊ नकोस. नाव घेऊ नको हे तूच शिकवलंस."

"मीच शिकवलं. मग ती शिकली, याचा राग तुला का?"

मेदेरकुलने टोपी काढली. ती तो फक्त निजताना आणि मयताला काढत असे. मांडीवर घेऊन त्याने तिची उंची हाताने मोजल्यासारखी केली.

"एवढी मोठी आहे का ही?" त्याने बायकोला विचारलं.

"मला काय विचारता? मी तर रोज तिच्यावरची धूळ झटकते. निम्मा दिवस जातो."

"तू मला काय म्हणतेस?" म्हातारा म्हणाला. "म्हणजे, मी नसताना. बायकांत."

"बायकांतलं बायकांत राहू द्या."

"आणि माझ्या बाबांना?"

बातमाकानचा डाव हवेतच थांबला. तिच्या सासऱ्याचं नाव तेमिर, म्हणजे लोखंड. त्यामुळे ती लग्न होऊन आल्यापासून लोखंडालाही लोखंड म्हणत नसे. 'कडक वस्तू' म्हणे, आणि बाजारातल्या खिळेवाल्याला ते कळे. पण सासऱ्याला ती काय म्हणत असे, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"दुपारचा गडगडाट," ती म्हणाली.

"काय?"

"घोरायचे ना ते. जेवण झालं की आडवे व्हायचे, आणि तंबूचे दोर हलायचे. कुरणावरची शेजारीण एकदा बाहेर वाळत घातलेलं चीज आत घेऊन गेली, पाऊस येतो म्हणून."

सादातचा ओठ आता सुटला. तिने पटकन तोंडावर पदर घ्यावा तसा रुमाल धरला.

"त्यांना माहीत होतं?" म्हाताऱ्याने विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

"मला वाटायचं नाही. कितीतरी वर्षं मी जपून बोलायचे. मग शेवटच्या उन्हाळ्यात, अंथरुणाला खिळले होते तेव्हा, मी जवळून जात होते, तर म्हणाले, पोरी, गडगडाटाला जरा पाणी दे." बातमाकानने रस्सा ओतला. "मी पाणी दिलं. दोघांपैकी कुणीच काही बोललो नाही. पण त्या दिवसापासून मला या घरात परकं वाटलं नाही."

मेदेरकुल टोपीकडे बघत होता. आपल्या वडिलांबद्दल आपल्याला नवीन काही कळेल अशी अपेक्षा त्याने फार पूर्वी सोडून दिली असावी.

"हे सगळं छान आहे," कुबात म्हणाला, पण जरा मऊ आवाजात. "घरात ठीक आहे. पण कागद बाहेर जातो. बायका हसतायत. काल बाजारात रंगवाल्याने मला विचारलं, दादा, आज लवकर उठलात?"

"बायका हसतायत हे खरं," सादात एकदम म्हणाली.

कुबातने समाधानाने मान हलवली. ती त्याने जरा लवकरच हलवली.

"पण का हसतायत ते ऐका ना," ती पुढे म्हणाली. ती सासऱ्याकडे बघत नव्हती, दस्तरखानावरच्या तळलेल्या बोरसोकच्या ढिगाशी बोलत होती. "माझ्या हाताखाली शिवायला ज्या बायका बसतात, त्या सगळ्या कुणाच्या सुना? आपल्याच भाऊबंदांच्या. सगळ्यांचे हे बाबा सासरे लागतात. चुलत, मावस, कसेही. पोचेच्या वरच यांचं नाव, मध्ये यांचं नाव, खाली यांचं नाव. ती पोच आम्ही मोठ्याने वाचायची कशी? पोरांच्या हातात द्यायची, वाचून दाखव रे म्हणायचं. पोरगं शाळेत गेलेलं असेल तर ठेवून द्यायची. टपाल कचेरीत बाई विचारते, कुणाकडून पैसे आलेत? आम्ही म्हणायचं, तिकडून. तिकडून म्हणजे कुठून? वरच्या घरातून. ती म्हणते, नाव सांगा. आम्ही तिच्या तोंडाकडे बघत बसतो. शेवटी मागच्या रांगेतला कुणीतरी पुरुष ओरडतो, अहो, मेदे—" ती थांबली. "तो ओरडतो."

"हे तू मला कधी बोलली नाहीस," कुबात म्हणाला.

"तुम्ही उठेपर्यंत मी कामावर गेलेली असते."

बातमाकानला ठसका लागला. नूरझातने तिला पाणी दिलं, आणि तेवढ्यात जाऊबाईंकडे पाहिलं. चार वर्षांत या दोघींनी एकमेकींकडे असं सरळ फारसं पाहिलेलं नव्हतं.

"या वेळी पोच आली," सादात म्हणाली, "तर मी ती स्वतः वाचली. वरपासून खालपर्यंत. मग बाकीच्यांना वाचून दाखवली. कोणती लोकर, किती चांगली, धुताना काय राहिलं, सगळं लिहिलंय त्यात. मला वाटायचं, नुसता आकडा असतो. म्हणून हसत होतो आम्ही. टोपीला पण हसलो, ते नाही म्हणत नाही मी."

"आणि जेनिश?" कुबातने हळूच विचारलं. "तूच म्हणालीस ना, भावाला लावू या."

"म्हणाले होते. त्याला त्याच्या बहिणीची पोच वाचता येईल. मला माझी मीच वाचायचीय."

मेदेरकुलने टोपी परत डोक्यावर चढवली. छताला थोडा दिलासा मिळाल्यासारखं वाटलं, कारण टोपी डोक्यावर नसली की या घराच्या छताला आपण कशासाठी एवढं उंच बांधलं गेलो ते आठवत नसे.

"तो डबा आण," तो नूरझातला म्हणाला.

तिने लॅपटॉप आणला. दस्तरखानाचा कोपरा दुमडून, मटणाच्या परातीशेजारी जागा झाली. आयुष्यात म्हाताऱ्याने कधी कळफलकाला हात लावलेला नव्हता.

"मला सांग. कागद एकच का लागतो सगळ्यांना?"

"लागत नाही, बाबा. साचे हवे तितके करता येतात. गिऱ्हाइकाला एक, लोकरवाल्यांना दुसरा. कुणाला कोणता जायचा ते एकदा ठरवून दिलं की आपोआप जातो."

"मग रुफिनाबाईंच्या कागदावर माझं नाव हवं. बँकेला टोपी समजत नाही. कुठे लिहू?"

"मी लिहितो," कुबात पुढे सरकला.

"मी लिहिणार. माझं आहे."

आणि त्याने लिहिलं. एका बोटाने, प्रत्येक अक्षर शोधत, सापडलं की त्याच्यावर असा ठोसा देत की परातीतला रस्सा हलायचा. नूरझात शेजारी बसून फक्त बोट दाखवत होती. हे घ्या, आता ते. नाव तिने घेतलं नाही, आणि नाव पूर्ण झालं. मथळ्यात 'मेदेरकुल आणि मुलगे' गेलं. मंजुरीत मेदेरकुल गेलं. तपासणीत कुबात गेलं.

"आता बायकांचा साचा."

तिने तो उघडला. शिंगं, लोकरीबद्दलच्या दोन ओळी, आणि त्याखाली टोपी. म्हातारा खूप वेळ बघत राहिला.

"हे असंच राहू दे," तो म्हणाला.

"बाबा, निदान माझं तरी," कुबात म्हणाला. "तुमची टोपी आहे. टोपीत मान आहे. माझ्यात काय आहे?"

"तुझं तुझ्या हातात आहे. लोकर धुवायचे हौद सूर्य डोंगरावर यायच्या आधी भरतात. महिनाभर तिथे दिसलास तर धाकटी सून दुसरं नाव शोधेल. शोधशील ना ग?"

"शोधेन, बाबा."

"बघ. ती म्हणतेय."

कुबात हसला. फार नाही, पण हिवाळ्यानंतर या खोलीत तो पहिल्यांदाच हसला.

"आणि ही रिकामी जागा?" म्हाताऱ्याने साच्याच्या तळाशी बोट टेकवलं. 'प्रश्न असल्यास संपर्क', आणि पुढे काही नाही.

नूरझात म्हणाली, "ती मी ठेवली होती तशीच. तिथे कुणाचं नाव येणार ते मला ठरवता येत नव्हतं."

"मलाही आज सकाळपर्यंत येत नव्हतं," मेदेरकुल म्हणाला. त्याने पुन्हा बोट उचललं. पहिलं अक्षर शोधलं, ठोसा दिला. दुसरं शोधलं. कुबात मान वाकवून बघत होता. तिसऱ्या अक्षराला त्याला कळलं, आणि तो मागे टेकून बसला. त्याने भरलेली वाटी उचलली आणि मुकाट्याने संपवली. तरी तो उठला नाही.

नूरझात. म्हाताऱ्याने शेवटचं अक्षर चुकवलं, पुसलं, परत दिलं. मग तीच ओळ गिऱ्हाइकांच्या साच्यातही भरायला लावली. मग ताटलीच्या कडेला ठेवलेला कान उचलून तिच्या हातात दिला, आणि जेवणाकडे वळला. कान लहान्यांना देतात, थोरांचं ऐकावं म्हणून. पण तो तिच्या तळहातावर ठेवताना म्हाताऱ्याने मान तिच्या बाजूला, ऐकणाऱ्यासारखी, थोडी कलती केली होती.

"एकदा पाठवून बघू?" तिने विचारलं. "सादात वहिनींना. नुसतीच चाचणी."

दस्तरखानावर सादातचा फोन वाजला. ती तो कुणाच्या हातात देणार, असं क्षणभर सगळ्यांना वाटलं, इतकी ती सवय जुनी होती. सादातने फोन स्वतः उचलला, चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. शिंगांपासून, म्हणजे "वर दोन शिंगं आहेत" इथपासून. लोकर वाचली. टोपी वाचली, सासऱ्यांच्या समोर, न अडखळता. उशिरा उठणाऱ्यांना जरा सावकाश वाचलं. मग शेवटची ओळ.

"'प्रश्न असल्यास नूरझातला विचारा.'" तिने चष्मा कपाळावर सरकवला. "मला एक प्रश्न आहे."

"विचारा, वहिनी."

"मला काय नाव ठेवलंयस?"

नूरझातने वाटी घेतली, समोवारची तोटी सोडली, वेळेवर बंद केली, आणि जाऊबाईंच्या पुढे अर्धी वाटी चहा ठेवला.